छळाची दोन मापे

मराठी वाङ्मयात ख्रिस्ती माणसाच्या छळाची कथा नाही, असे कोणी म्हणणार नाही. आधुनिक मराठी गद्य पावले टाकायला शिकत होते तेव्हापासून ही कथा त्याच्या सोबतीला आहे. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ आहे, पंडिता रमाबाईंचे लेखन आहे, आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तर मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांपैकी एक म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली आहेत. धर्म बदलला म्हणून आप्तांनी टाकले, जातीने वाळीत घातले, वृत्तपत्रांनी झोडपले, हा अनुभव मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाचा आहे. माझा प्रश्न निराळा आहे. या कथेतला छळ कोणाचा? आणि ज्यांचा छळ या कथेच्या साच्यात बसला नाही, त्यांच्या दुःखाची नोंद कोणी ठेवली?

मी नगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती महाराच्या घरात जन्मलो. महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला पहिला माणूस मी. हे सांगतो ते सहानुभूती मिळवण्यासाठी नव्हे. या विषयाकडे मी कोठून पाहतो आहे हे वाचकाला आधीच ठाऊक असावे, एवढाच हेतू. पांढरपेशा समीक्षक स्वतःची जागा सांगत नाही, आणि त्यामुळे त्याची नजर ही सर्वांचीच नजर आहे असा समज होतो. तो समज मला निर्माण करायचा नाही.

१

प्रथम या कथेचा साचा पाहू. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या तरुण ब्राह्मणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा अज्ञान भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे गेला होता. प्रकरण न्यायालयात गेले, श्रीपत आईबापांच्या ताब्यात आला, आणि त्याला परत जातीत घ्यावे की नाही यावर मोठा वाद पेटला. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीचा पक्ष घेतला म्हणून त्यांनाही सनातन्यांचा रोष सोसावा लागला. एका मुलासाठी मुंबईचा सारा ब्राह्मण समाज ढवळून निघाला.

बाबा पदमनजींचा जन्म १८३१ सालचा, बेळगावचा, जात कासार. १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आधी वाचन, मग शंका, मग वादविवाद, मनाची तगमग, निर्णय, घरच्यांचा आकांत, दुरावा, आणि शेवटी नव्या श्रद्धेत मिळालेली शांती, असा तो प्रवास आहे. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. पुढे पुण्यात शारदा सदनावर धर्मांतराचा आरोप झाला आणि १८९३ साली पालकांनी मुली काढून नेल्या. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. नवऱ्याने धर्म बदलल्यावर लक्ष्मीबाईंची झालेली कुतरओढ, काही वर्षांचा विरह, पुन्हा एकत्र येणे, सोवळे हळूहळू सुटणे, हे सारे ‘स्मृतिचित्रां’त ज्या मोकळेपणाने आले आहे त्याला तोड नाही.

या माणसांनी सोसले ते खरे आहे. त्याला खोटे किंवा हलके म्हणण्याचा माझा उद्देश नाही. पण या सर्व कथांत छळाचे एक ठराविक रूप आहे, ते नीट पाहिले पाहिजे. छळ होतो तो एकट्या व्यक्तीचा. छळणारे असतात ते तिचेच आप्त आणि जातभाई. हिरावले जाते ते घर, वारसा, बायको, मूल, प्रतिष्ठा. म्हणजे ज्याच्याजवळ हे सारे आधी होते, त्याचाच छळ या मापाने मोजता येतो. १८५० सालचा एकविसावा कायदाही याच मापाचा आहे. जात किंवा धर्म सोडल्यामुळे कोणाचा वारसाहक्क जाणार नाही, अशी हमी त्या कायद्याने दिली. हमी मोठीच होती. पण ज्याच्या बापाच्या नावावर मृत जनावरे ओढण्याची वेठ, तराळकी आणि शिळ्या भाकरीचा हक्क याखेरीज फारसे काही नव्हते, त्याचे या कायद्याने काय राखले?

एकदा वर्गात ‘स्मृतिचित्रे’ शिकवत असताना एका ख्रिस्ती विद्यार्थिनीने विचारले, “सर, ह्यात आपली माणसं कुठं आहेत?” मी म्हणालो, आहेत; टिळक दांपत्य नगरला, राहुरीला राहिले, तेथे मिशनच्या आवारात बहुसंख्य माणसे आपलीच होती. त्यावर ती म्हणाली, “पण ती बोलत नाहीत ना सर. बाईच त्यांच्याबद्दल बोलतात.” मराठी ख्रिस्ती वाङ्मयाविषयी इतके नेमके विधान मी समीक्षेच्या ग्रंथात वाचलेले नाही. त्यात लक्ष्मीबाईंचा दोष नाही. त्यांनी आपले जगणे लिहिले. आमचे जगणे लिहिण्याची जबाबदारी त्यांची नव्हती. पण त्यांच्याच अनुभवाला ‘मराठी ख्रिस्ती अनुभव’ असे नाव ज्यांनी दिले, त्यांना जाब विचारला पाहिजे.

२

ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवले आहे त्याला वाळीत कसे टाकणार? जो जातीबाहेरच आहे त्याला जातीबाहेर काढण्याची शिक्षा कशी देणार? म्हणून महार-मांगाच्या धर्मांतरावर गावाने दिलेली शिक्षा निराळ्या जातीची आहे. ती एका माणसाला होत नाही, साऱ्या वाड्याला होते. बलुते बंद होते. मळ्यात काम मिळत नाही. पाणी तुटते. माझी आजी सांगायची, त्यांच्या तरुणपणी गावकऱ्यांचे एकच उत्तर असे : तुम्ही आता साहेबाच्या देवाचे झालात, तर पाणीही साहेबाकडे मागा. आजीला यात धर्म कुठला आणि जात कुठली हे वेगळे करता येत नव्हते. वेगळे करण्याची तिला गरजही पडली नाही. घागर रिकामी होती, एवढे तिला कळत होते.

समीक्षकाला मात्र हे वेगळे करण्याची घाई असते. पाणी तुटले ते ख्रिस्ती झाल्याबद्दल की महार असल्याबद्दल? महार असल्याबद्दल, असे उत्तर आले की ख्रिस्ती इतिहासकार ते प्रकरण श्रद्धेसाठी सोसलेल्या छळातून वगळतो. ख्रिस्ती झाल्याबद्दल, असे उत्तर आले की दलित समीक्षक ते आपल्या वहीत घेत नाही. दोन्ही दारांवर एकच माणूस उभा आहे आणि दोन्हीकडून त्याला पलीकडचे दार दाखवले जाते.

हे वेगळे करता येत नाही याचा इतिहासातला सर्वांत स्पष्ट दाखला दक्षिण त्रावणकोरचा आहे. तेथे नाडार, म्हणजे त्या काळी शाणार म्हटली जाणारी ताडी काढणारी जात, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून मोठ्या संख्येने ख्रिस्ती होऊ लागली. त्या राज्याच्या रिवाजाने खालच्या जातीच्या बाईने वरच्या जातीसमोर छाती झाकायची नसे. ख्रिस्ती झालेल्या बायका अंग झाकू लागल्या. त्यावरून १८२० नंतरच्या दशकात बायकांना भर बाजारात मारहाण झाली, त्यांची वस्त्रे फाडली गेली, प्रार्थनागृहे आणि शाळा जाळल्या गेल्या. १८२९ साली सरकारने फर्मान काढले : ख्रिस्ती बायकांनी अंगात कुडते घालावे, पण वरच्या जातीच्या बायका घेतात ते वरचे वस्त्र घेऊ नये. दंगली पुन्हा उसळल्या, आणि १८५९ साली नाडार बायकांना अंग झाकण्याची मुभा मिळाली ती वरच्या जातीच्या बायकांसारखे झाकायचे नाही ही अट ठेवूनच.

आता कोणी सांगावे, हा छळ ख्रिस्ती श्रद्धेचा की जातीचा? प्रार्थनागृह जाळले गेले म्हणून श्रद्धेचा म्हणावा, तर फाडलेले वस्त्र जातीचे होते. त्या बायकांपुरते पाहिले तर नवा देव आणि अंगावरचे कापड या दोन गोष्टी नव्हत्याच. आपल्या शरीराला अब्रू आहे, हे त्यांना त्या देवाच्या नावाने कळले होते. श्रद्धेचा याहून खरा अर्थ मला माहीत नाही. पण तो अर्थ ‘अरुणोदया’च्या मापाने मोजता येणार नाही.

३

दलिताच्या धर्मांतरावर एक जुना शिक्का आहे : अन्नासाठी ख्रिस्ती. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये अनेक महार-मांग कुटुंबे मिशनकडे गेली, हे खरे आहे. त्यावरून निष्कर्ष काढला जातो की हे विचाराने झालेले धर्मांतर नव्हे. आणि विचाराने झाले नसेल, तर त्यासाठी सोसलेला छळही श्रद्धेचा छळ नव्हे. फार तर तो एका फसलेल्या व्यवहाराचा परिणाम!

हा तर्क मला मान्य नाही. दुष्काळात गावाची पेवे कोणासाठी उघडली आणि कोणासाठी बंद राहिली, हे महाराने आपल्या डोळ्यांनी पाहिले होते. ज्या धर्माने त्याला मरताना पाहिले आणि हात पुढे केला नाही, तो धर्म सोडणे हा विचार नव्हे काय? पदमनजींनी ग्रंथ वाचून जुन्या धर्माची परीक्षा घेतली. भुकेल्या महाराने ती उपाशी पोटी घेतली. ग्रंथ वाचून आलेला निष्कर्ष विचार ठरतो आणि भूक सोसून आलेला निष्कर्ष लोभ ठरतो, ही विभागणी करणाऱ्याला आयुष्यात एक वेळचे जेवण चुकलेले नसावे. ज्या धर्मात शिष्यांना शिकवलेल्या पहिल्या प्रार्थनेत देवाकडे रोजची भाकर मागितली आहे, त्या धर्मात भाकरीसाठी येणे हे लाजिरवाणे कसे?

हा शिक्का केवळ बोलण्यात राहिलेला नाही. तो कायद्यात उतरला आहे. ओरिसाने १९६७ साली आणि मध्य प्रदेशाने १९६८ साली धर्मस्वातंत्र्याच्या नावाने कायदे केले. बळाने, फसवून किंवा प्रलोभनाने धर्मांतर करवणाऱ्याला ओरिसाच्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. मात्र धर्मांतरित व्यक्ती अज्ञान मूल, स्त्री किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल, तर कैद दोन वर्षांपर्यंत आणि दंड दहा हजारांपर्यंत. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे दोन्ही कायदे वैध ठरवले. या वाढीव शिक्षेमागचा समज वाचकाने ओळखावा. मूल, बाई आणि दलित यांना स्वतःचे डोके नसते. त्यांना कोणीतरी नेल्याशिवाय ती कुठे जात नाहीत. मनूची स्मृती आम्ही जाळली, आणि तिची एक ओळख संरक्षणाचा अंगरखा घालून कायद्याच्या पुस्तकात येऊन बसली.

४

आता मी ज्यासाठी हा लेख लिहिण्यास बसलो त्या मुद्द्यावर येतो.

१९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी ठरली आणि तिच्या तिसऱ्या परिच्छेदाने ती हिंदूंपुरती मर्यादित केली. १९५६ साली त्यात शीख आले. १९९० साली बौद्ध आले. या मासिकाच्या वाचकांना १९५६ ते १९९० ही चौतीस वर्षे समजावून सांगण्याची गरज नाही. महाराष्ट्र सरकारने १९६० साली राज्यापुरत्या सवलती दिल्या तरी केंद्राच्या दारात बौद्ध झालेला महार इतकी वर्षे उभा होता. धर्म बदलला म्हणून तुझी जात संपली, हे वाक्य त्याने ऐकले आहे. गावात मात्र ती संपली नव्हती, हेही त्याला ठाऊक आहे. दलित ख्रिस्ती आजही त्याच दारात आहे. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने अनुसूचित जातीचा धर्माशी असलेला संबंध तोडावा अशी शिफारस केली. ती अमलात आली नाही. २०२२ साली याच प्रश्नासाठी के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा एक आयोग नेमला गेला.

या प्रवासातला एक निकाल प्रत्येक साहित्यिकाने वाचावा असा आहे. मद्रासच्या रस्त्यावर सुसाई नावाचा एक चांभार बसत असे. जातीने आदि-द्रविड, धर्माने ख्रिस्ती. रस्त्यावर काम करणाऱ्या चांभारांना टपऱ्या देण्याची सरकारी योजना आली. टपरी त्याला मिळाली नाही, कारण तो ख्रिस्ती होता. तीच आरी, तेच चामडे, तीच फुटपाथ. फरक फक्त देवाचा. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्ज फेटाळला. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे : धर्मांतरानंतर जात टिकून राहते एवढे दाखवून भागणार नाही. जातीमुळे सोसावी लागणारी हीनता नव्या धर्माच्या समाजातही तितक्याच तीव्रतेने टिकून आहे हे सिद्ध झाले पाहिजे. आणि तसा अधिकृत, तपशीलवार अभ्यास आमच्यापुढे आलेला नाही.

न्यायालयाने पुरावा मागितला. कायद्याच्या दृष्टीने त्याने तो मागणे योग्य की अयोग्य हा वकिलांचा प्रश्न आहे. मी मराठीचा शिक्षक म्हणून विचारतो : पुरावा का नव्हता? छळ झालाच नव्हता म्हणून नव्हता काय? मिशनच्या अहवालांत आमचे आकडे होते. किती बाप्तिस्मे, किती शाळा, किती पोरे. ब्राह्मण धर्मांतरितांची चरित्रे होती. दलित साहित्याची चळवळ तेव्हा भर जोमात होती. ‘बलुतं’ १९७८ साली आले, ‘उपरा’ १९८० साली. पण ख्रिस्ती महाराचे, ख्रिस्ती मांगाचे, ख्रिस्ती आदि-द्रविडाचे जगणे त्याच्या स्वतःच्या तोंडून सांगणारा ग्रंथ समाजापुढे ठसठशीतपणे उभा नव्हता. ज्या दुःखाला वाङ्मयाने नाव दिले नाही ते दुःख न्यायालयाच्या कागदावर येत नाही. साहित्याची सामाजिक बांधिलकी म्हणून आपण जे बोलतो, तिचा हिशेब या एका निकालात मांडलेला आहे.

तमिळमध्ये बामा यांचे ‘करुक्कु’ आले ते १९९२ साली. दलित कॅथलिक घरातली मुलगी जोगीण होते, मठाच्या आत जात तशीच शाबूत असलेली पाहते, आणि बाहेर पडते. सुसाईच्या निकालानंतर सात वर्षांनी आलेले हे पुस्तक न्यायालयाने मागितलेल्या पुराव्याचेच काम करते. त्याच्या भाषेविषयी, रचनेविषयी पुष्कळ लिहिले गेले. ते पुस्तक एक साक्ष आहे, हे त्याचे मूल्य आधी ओळखले पाहिजे.

५

पुरावा नसल्याची किंमत टपरीवर भागत नाही. ओरिसातल्या कंधमाल जिल्ह्यात डिसेंबर २००७ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २००८ मध्ये ख्रिस्ती वस्त्यांवर हल्ले झाले. २००८ च्या हल्ल्यांचे निमित्त स्वामी लक्ष्मणानंद सरस्वती यांच्या खुनाचे. त्या खुनाची जबाबदारी माओवाद्यांनी घेतली असताना जाळल्या गेल्या त्या ख्रिस्ती झोपड्या. सरकारी मोजणीने चाळीसच्या आसपास आणि संघटनांच्या मोजणीने शंभरच्या आसपास माणसे मारली गेली, पन्नास हजारांवर बेघर झाली. जगायचे असेल तर मुंडण करा आणि हिंदू व्हा, असे अनेकांना सांगण्यात आले. काहींनी नकार दिला आणि त्याची किंमत मोजली. ख्रिस्ती श्रद्धेसाठी छळ हा शब्द ज्या अर्थी जगभर वापरला जातो त्या अर्थी हा छळ होता.

पण मारली गेलेली माणसे कोण? बहुसंख्य पाण, म्हणजे तिथली अस्पृश्य जात. मग लगेच खुलासे सुरू झाले की हा धर्माचा प्रश्नच नाही. कंध आदिवासी आणि पाण यांचे जुने वैर आहे. त्या वैराच्या मुळाशी काय होते तेही पाहावे. ख्रिस्ती झाल्यामुळे पाणांच्या अनुसूचित जातीच्या सवलती गेल्या. म्हणून कुई भाषा बोलणाऱ्या पाणांनी जमातीची मान्यता मागितली. कंधांना ती आपल्या जमिनीवरची आणि राखीव जागांवरची चढाई वाटली. म्हणजे १९५० सालच्या आदेशातला एक परिच्छेद दोन दरिद्री समाजांच्या मधोमध पेटत्या काडीसारखा पडला होता. ती काडी उचलून फुंकणारे बाहेरचे होते. धर्म की जात हा वाद विद्वान घालत बसले. निर्वासित छावणीतल्या माणसाला दोन्हींची शिक्षा एकदमच मिळाली होती.

२०२५ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने दिलेला एक निकाल याच वाटेने जातो. दलित घरात जन्मलेल्या एका पाळकाने तक्रार केली की त्याला जातीवरून शिवीगाळ आणि मारहाण झाली. न्यायालयाने ठरवले की तो ख्रिस्ती झाला असल्याने १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण त्याला मागता येणार नाही. त्याच्या तक्रारीप्रमाणे शिवी देणाऱ्याला त्याची जात ठाऊक होती. कायद्याला ती ठाऊक नाही.

६

आता घरच्यांशी बोलतो. घरे माझी दोन आहेत.

पहिले घर चर्चचे. धर्मांतरितांच्या छळाचा दिवस पाळणाऱ्या, हुतात्म्यांची नावे घेणाऱ्या चर्चने आपल्या आतल्या जातीची नावे कधी घेतली? गोव्यात बामण, चारडो, सुदीर हे भेद बाप्तिस्म्याने पुसले गेले नाहीत. तमिळनाडूत दलितांसाठी निराळे दफन आणि निराळी बसण्याची जागा यांविरुद्ध दलित ख्रिस्ती अजून झगडत आले आहेत. १९३८ च्या आरंभी सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलताना बाबासाहेबांनी ऐकवले होते की या समाजाने आपल्यावरील सामाजिक अन्यायाविरुद्ध राजकीय लढा दिला नाही. ते ऐकून बरे वाटले नसेल. पण त्याचे उत्तर द्यायला चर्चमधून एक आवाज उठायला १९८१ साल उजाडले. अरविंद निर्मल यांनी बंगलोरच्या धर्मशास्त्र महाविद्यालयात शूद्रांच्या ईश्वरशास्त्राची मांडणी केली, तीच पुढे दलित ईश्वरशास्त्र म्हणून ओळखली गेली. देवाला दलिताच्या बाजूने नव्हे, दलित म्हणूनच पाहण्याचे धाडस त्यांनी केले. मराठी ख्रिस्ती व्यासपीठांवर टिळकांच्या काव्यावर जितकी व्याख्याने होतात, त्याच्या एक दशांश तरी या मांडणीवर व्हावीत.

दुसरे घर दलित साहित्याचे. येथे मी अधिक आपुलकीने आणि म्हणून अधिक रागाने बोलतो. बौद्ध झालेल्याने स्वाभिमान निवडला आणि ख्रिस्ती झालेल्याने आश्रय, असे मी साहित्य मेळाव्यांत ऐकले आहे. ‘अन्नासाठी ख्रिस्ती’ या सवर्ण शिक्क्याचाच हा दलित छाप आहे. १९७३ साली पँथरच्या जाहीरनाम्याने दलित शब्दाची व्याख्या केली तेव्हा धर्माच्या नावाने पिळल्या जाणाऱ्या सर्वांना तिच्यात जागा दिली होती. ती व्याख्या आपल्या समीक्षेपेक्षा मोठी होती. आणि आपल्या वाङ्मयीन परंपरेचा आरंभ शोधताना आपण मुक्ताबाईंचे नाव अभिमानाने घेतो. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली चौदा वर्षांची मांग मुलगी, जिने १८५५ साली मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि आमचा धर्म कोणता असा सरळ सवाल केला. तो निबंध छापला ‘ज्ञानोदया’ने, म्हणजे ख्रिस्ती मिशनच्या पत्राने. आमच्या पहिल्या आवाजाला पान मिळाले ते कुठे, हे विसरून चालणार नाही. त्या पत्रानेही पुढे किती मुक्ताबाईंना पान दिले, हे विचारण्याचा हक्क आम्हांला याच आठवणीने मिळतो.

मग करावे काय? छळाचे एकच माप घेऊन बसलेल्या समीक्षेने दुसरे माप हाती घ्यावे. धर्मांतरिताने काय गमावले, या प्रश्नाबरोबर त्याच्याजवळ गमावण्यासारखे काय होते हेही विचारावे. त्याने कोणते ग्रंथ वाचले याबरोबर त्याचे पाणी कोणी तोडले हे विचारावे. आत्मचरित्र लिहिणाऱ्या एकट्या माणसाखेरीज साऱ्या वाड्याने मिळून सोसलेल्या गोष्टीलाही वाङ्मयाचा विषय मानावे. नगर, जालना, सोलापूर, औरंगाबाद या भागांतल्या ख्रिस्ती वस्त्यांत अजून म्हातारी माणसे आहेत. नारायण शेषाद्रींनीच पुढे जालन्याजवळ मांगांसाठी बेथेल नावाचे गाव वसवले. शेषाद्रींचे चरित्र सांगता येते, त्या गावात पहिल्या झोपड्या बांधणाऱ्या मांगांची नावे किती जणांना येतात? गावोगावच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या आहेत, कबरस्तानांचे वाद आहेत, विहिरींच्या तक्रारी आहेत. माझ्या वर्गातली मुले सुट्टीत गावी जातात तेव्हा एक वही घेऊन जा असे मी त्यांना सांगतो. आजीला विचारा, आजोबाला विचारा, ते जसे बोलतात तसेच लिहा. देवाविषयी बोलले तर देवाविषयी, भाकरीविषयी बोलले तर भाकरीविषयी. या वह्यांतून उद्या कदाचित एखादे चांगले पुस्तक होईल, कदाचित होणार नाही. पण पुढच्या वेळी कोणी न्यायासनावरून किंवा समीक्षेच्या आसनावरून पुरावा मागितला, तर आमच्या हातात काहीतरी असले पाहिजे. ते काम आता या मासिकाच्या पानांवर सुरू व्हावे, अशी संपादकांना आणि वाचकांना माझी विनंती आहे.